बनारसच्या राजाने दिलेली विहीर

विलायतेत पाऊस पाहुणा म्हणून येत नाही, घरजावई म्हणूनच राहतो. अशा देशातल्या एका वाडीत पाण्यावाचून हाल होत, हे आपल्याकडच्या माणसाला सांगून पटणार नाही. पण ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रोची निम्मी हकिकत पाण्याचीच आहे. ही वाडी चिल्टर्न टेकड्यांवर. खाली खडूचा दगड. पडलेलं पाणी झिरपून पार तळाला जातं. मग छपराच्या पागोळ्या धरायच्या, नाहीतर मातीसाठी खणलेल्या खड्ड्यांतलं गढूळ पाणी भरायचं. भोवती बीच नावाच्या झाडांची हिरवीगार रानं, आणि घशाला कोरड!

शेजारच्या इप्सडेनचा एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारच्या चाकरीत उत्तर हिंदुस्थानात होता. १८३१ साली त्याने आझमगढकडे लोकांसाठी विहीर खणवली. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जडला. बोलण्याच्या ओघात त्याने गावाकडची गोष्ट सांगितली: टंचाईत घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं. महाराज ते विसरले नाहीत. रीड निवृत्त होऊन मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या मुलखाला विहीर द्यायची असं त्यांनी ठरवलं.

विहीर चार फूट रुंद आणि ३६८ फूट खोल! लंडनच्या सेंट पॉल चर्चची उंची ३६५ फूट, म्हणजे ते आख्खं आत उतरवलं तरी वर तीन फूट शिल्लक. हे सगळं माणसांनी हातांनी खणलं, तळाशी काळोख आणि कोंदट हवा असताना. वर घुमट आणि रहाटावर सोनेरी हत्ती. २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती लोकांना खुली झाली. सत्तावन्नच्या धामधुमीला सातच वर्षं झाली होती, तेव्हा मुहूर्त काही सहज निघाला नसणार. तहानलेल्या पोराला मात्र त्याचं काय!

सत्तरेक वर्षं वाडीने हे पाणी ओढलं.

मला हत्तीपेक्षा तिथली चेरीची बाग जास्त आवडते. आपल्याकडे पाणपोईवर नाव कोरणारे उदंड. पुढे माठ कोण भरणार, हे कोणी विचारत नाही. अहिल्याबाईंसारखे दानाबरोबर त्याच्या चालू खर्चाचीही तजवीज करणारे थोडे. स्टोक रोला विहिरीशेजारी चेरी लावल्या, त्यांच्या उत्पन्नातून देखभाल व्हावी म्हणून. रखवालदाराला राहायला घरही दिलं. म्हणजे पाणी फुकट आणि दुरुस्तीचा खर्च चेरीच्या माथी. हंगामात वाडीतली पोरं झाडांवर चढून त्या खर्चाला किती कात्री लावत असतील, ते त्या रखवालदारालाच ठाऊक.