डिकॅफ भाजणीची नोंद: रंग सोडा, नाक-कान धरा

मंडळी, डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, घरी भाजण्याच्या प्रयोगात आता सांगण्यासारखं बरंच हाताशी आलंय. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: हे दाणे भाजताना डोळ्यांवर विसंबू नका. नाक, कान आणि थर्मामीटर यांचंच ऐका.

आधी मालाबद्दल. मुंबईत भाजलेली डिकॅफ सहज मिळते, पण कच्चे दाणे मिळवायला चिकाटी लागते. मला ते अंधेरीच्या एका रोस्टरने, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याने, स्वतःच्या गोणीतून काढून दिले. घेताना विचारायचं ते एवढंच: पीक कुठल्या हंगामाचं, कॅफीन कुठल्या प्रक्रियेने काढलंय, ते काढून किती महिने झाले आणि दाण्यात ओलावा किती आहे. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. या प्रक्रियेत दाणा एकदा भिजून, फुगून पुन्हा सुकलेला असतो. तो साध्या कच्च्या दाण्यापेक्षा लवकर शिळा होतो. मूळ दाणाच सुमार असेल तर कुठलीही प्रक्रिया त्यात चव घालू शकत नाही, हेही तितकंच खरं.

माझ्याकडचा माल कोलंबियाचा, इथाइल ॲसिटेटने कॅफीन काढलेला. आपण सगळे त्याला शुगरकेन डिकॅफ म्हणतो, कारण हे द्रावक उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून तयार करतात. मळीचं अल्कोहोल कसं होतं हे कोल्हापूर-सांगलीकडच्यांना मी काय सांगणार! दाणे वाफेवर फुगवायचे, द्रावकात कॅफीन उतरू द्यायचं, पुन्हा वाफ देऊन द्रावक घालवायचं आणि सुकवायचं, असा तो क्रम. ‘केमिकल’ म्हटलं की दचकणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. इथाइल ॲसिटेट पिकलेल्या फळांत मुळातच असतं, आणि ते ७७ अंशांना उकळतं. आपली भाजणी २०० च्या आसपास जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने पहिली व्यापारी डिकॅफ काढली तेव्हा बेंझिन वापरलं होतं. तिथून आपण फार पुढे आलोय.

घरीच दाणे गरम पाण्यात भिजवून कॅफीन काढता येईल का, असं काहींनी विचारलं होतं. काढू नका. कॅफीन पाण्यात विरघळतं, पण त्याच्याबरोबर साखर आणि आम्लंही विरघळतात, म्हणजे चवच वाहून जाते. कॅनडातली स्विस वॉटर पद्धत इथेच हुशारी करते. त्यांचं पाणी आधीपासूनच कॉफीतल्या बाकीच्या विद्राव्य घटकांनी भरलेलं असतं, त्यात फक्त कॅफीन नसतं. त्यामुळे दाण्यातून बाहेर पडायला वाव उरतो तो कॅफीनलाच. मग ते पाणी कार्बनमधून गाळतात, कॅफीन तिथे अडकतं आणि तेच पाणी पुन्हा कामाला येतं. इतकी देखणी युक्ती मला या क्षेत्रात दुसरी माहीत नाही.

आता भाजणी. कच्चे दाणे मटकीच्या रंगाचे असतात. त्यामुळे हिरव्याचा पिवळा होण्याचा जो टप्पा आपण डोळ्यांनी टिपतो, तो इथे दिसतच नाही. नाकाला मात्र कळतो. आधी ओलसर, उकडल्यासारखा वास येतो, मग एकदम भाजल्या पावाचा. तिथे मी वेळ टिपून ठेवतो. साल प्रक्रियेतच बरीचशी निघून गेलेली असते, म्हणून चाफचा, म्हणजे सुटलेल्या सालीचा, ट्रे जवळजवळ रिकामा राहतो. फर्स्ट क्रॅक, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडण्याचा आवाज, येतो, पण दबका आणि विखुरलेला. आमची गॅलरी थेट रस्त्यावर आहे, म्हणून भाजणी पहाटे, बसगाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत आणि एक्झॉस्ट बंद ठेवून.

चिकमगळूरच्या वॉश्ड (गर धुऊन काढलेल्या) दाण्यांना मी ड्रम १९० अंशांवर घेतो. डिकॅफला १७० पुरे. पावाचा वास आला की गॅस कमी करायचा, कारण त्यापुढे हे दाणे झपाट्याने तापत जातात. क्रॅकनंतर साधारण एका मिनिटात बाहेर. बाहेरून दाणा गडद दिसतो, पण दळल्यावर आत मध्यम निघतो. रंग बघून थांबलात तर आत कच्चट, गवताळ चव राहील. दोन-तीन दिवसांत तेलाचे ठिपके दिसू लागतात. हलक्या भाजणीतही ते येतात, तेव्हा घाबरू नका.

दळताना दाणा ठिसूळ असल्याने फाइन्स, म्हणजे अगदी बारीक भुकटी, जास्त पडतात आणि व्ही ६० (कॉफी गाळायचं शंकू) तुंबतो. ग्राइंडर दोन-तीन क्लिक जाड केला, १५ ग्रॅमला २४० पाणी, ९२ अंश. आता कप तीन मिनिटांत उतरतो. गूळ, संत्र्याची साल आणि शेवटी थोडा कोको. हा डिकॅफचा कप आहे हे मुद्दाम सांगावं लागतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

रात्री जेवणानंतर आईसाठी याचीच फिल्टर कॉफी होते, दूध आणि जायफळ घालून. चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे ज्यांना माटुंग्याच्या दुकानांसारखी घट्ट डिकॉक्शन हवी त्यांनी ती थोडी खुशाल मिसळावी. फक्त डिकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे, हे घरच्यांना सांगून ठेवा. जर्मनीसारख्या युरोपीय देशांच्या नियमात भाजलेल्या डिकॅफला ०.१ टक्क्यापर्यंत मुभा आहे. साध्या अरेबिकात साधारण १.२ टक्के असतं.

पावसाळ्यासाठी सगळा कच्चा माल पाव-पाव किलोच्या व्हॅक्यूम पिशव्यांत भरलाय, एका वेळी एकच फोडायची. कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के ओलावा असावा, आणि जुलैत मुंबईची हवा तो आकडा टिकू देत नाही. भाजलेली कॉफी दोन आठवड्यांत संपवतो.

पुढे मेक्सिकोचा माउंटन वॉटर (पाण्यानेच कॅफीन काढलेला) डिकॅफ याच भाजणीवर घेऊन दोन्ही कप नावं झाकून शेजारी शेजारी चाखायचे आहेत. कुणाकडे असेल तर अर्ध्या किलोची अदलाबदल करू. दादर स्टेशनला भेटता येईल.