उभ्या गाडीचा स्लो का बदलतो?

सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या आरपीएमचा काटा जरा हलला की पुष्कळ जण गॅरेज गाठतात आणि ‘स्लो सेट करून द्या’ असे सांगतात. स्लो म्हणजे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना उभ्या गाडीचे इंजिन ज्या गतीने फिरत राहते ती गती. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती 800 मध्ये एक स्क्रू फिरवून ते काम होत असे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र ही गती ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, क्षणोक्षणी ठरवत असतो आणि परिस्थितीनुसार ती बदलावी अशीच त्याची रचना असते. म्हणून स्लो बदलतो की नाही यापेक्षा तो कशामुळे बदलला हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर काटा 1200 ते 1500 च्या दरम्यान जातो आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तापत जाईल तसा हळूहळू 700 ते 850 पर्यंत उतरतो. थंड इंजिनात ऑइल घट्ट असते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. शिवाय सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस तापल्याशिवाय धूर स्वच्छ करू शकत नाही, म्हणून ईसीयू मुद्दाम जास्त हवा घेऊन ठिणगी उशिरा टाकतो आणि एक्झॉस्ट लवकर तापवतो. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून बसतो, काटा क्षणभर खाली जातो आणि लगेच सावरतो, हेही निरोगी इंजिनाचे लक्षण आहे. रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट यांचा भार अल्टरनेटरमार्फत, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्रामार्फत, इंजिनावरच येतो, म्हणून ते चालू झाल्यावरही काटा हलू शकतो.

काळजी करायची ती भार न बदलता काटा वरखाली होत राहिला तर. याचे नेहमीचे कारण थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप जिथे असते त्या भागात, साचणारा काजळीचा थर हे आहे. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटलची झडप केसभर फटीइतकीच उघडी असते आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) परत येणाऱ्या तेलकट वाफांमुळे नेमकी तीच कड चिकट होते. ईसीयू झडप थोडी अधिक उघडून बराच काळ ही उणीव भरून काढतो. ते जमेनासे झाले की सिग्नलजवळ पाय उचलताच गाडी बंद पडू लागते. सफाईनंतर स्लो उलट वाढलेला दिसला तर घाबरू नये, कारण ईसीयूच्या स्मृतीत अजून घाणेरड्या झडपेचा हिशेब असतो. काही गाड्या तो आपोआप नव्याने शिकतात, काहींना स्कॅनर लावून शिकवावा लागतो.

दुसरे कारण शोधायला अवघड आहे, आणि मेकॅनिकच्या कौशल्याची खरी परीक्षा मला तिथेच दिसते. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांना, जोडलेला एखादा रबरी पाइप तडकला की तिथून चोरहवा आत शिरते. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या गाडीत असतो, तिथे ही हवा मोजलीच जात नाही. त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि स्लो डळमळतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाडीत मात्र दाब वाढलेला दिसल्यामुळे ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो, म्हणून तिथे स्लो डळमळण्याऐवजी बहुधा चढतो. बिघाड एकच, पण लक्षणे निराळी. ब्रेक दाबून धरल्यावर स्लो बदलत असेल तर ब्रेक बूस्टर (मॅनिफोल्डमधल्या कमी दाबाच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) आणि त्याचा पाइप आधी तपासावा.

सीएनजीची गाडी असेल तर दोन्ही इंधनांवर स्लो पाहावा. पेट्रोलवर तो स्थिर आणि गॅसवरच डळमळणारा असेल तर थ्रॉटलकडे नंतर बघता येईल. गॅसला ठिणगी अधिक जोरदार लागते, म्हणून आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघावेत, मग गॅसचा रेग्युलेटर आणि फिल्टर.

गॅरेजमध्ये नुसते ‘स्लो बिघडलाय’ न म्हणता इंजिन थंड होते की गरम, एसी चालू होता की बंद, हे सांगावे आणि एकही भाग बदलण्यापूर्वी स्कॅनरवर दोन आकडे बघायला लावावेत. पहिला कूलंटचे तापमान: इंजिन तापूनही तो कमीच दिसला तर सेन्सर किंवा थर्मोस्टॅट खराब आहे आणि इंजिन थंड आहे असे समजून ईसीयू स्लो चढवतो आहे. दुसरा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा: हवा मोजणाऱ्या गाडीत तो स्लोवर वीस टक्क्यांच्या आसपास वाढलेला असेल आणि रेस करून 2500 आरपीएमवर धरल्यावर शून्याजवळ येत असेल, तर थ्रॉटल बॉडी उघडण्याआधी सगळे रबरी पाइप तपासावेत.