ॲल्युमिना आणि बोअरिंगचे पाणी

तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्याच्या संशोधनाचा विषय त्याच्या आवडीपेक्षा प्रयोगशाळेतल्या विजेवर जास्त अवलंबून असतो, असे माझे मत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात मी रुजू झाले ते दिवस भारनियमनाचे होते. धातूंची ऑक्साइडे तयार करण्याच्या रूढ पद्धतीत कच्चा माल खलात घोटून हजार अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवावा लागतो, आणि मध्येच वीज गेली तर तो नमुना धड कच्चा नाही, धड पक्का नाही अशा अवस्थेत अडकून पडतो. म्हणूनच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या किंग्सले आणि पाटील यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेली दहन पद्धत आमच्यासारख्यांना फार सोयीची ठरली. तिला भट्टी लागते, पण काही मिनिटांपुरती.

ॲल्युमिनियम नायट्रेटच्या २ मोलला युरियाचे ५ मोल घेऊन दोन्ही थोड्या पाण्यात विरघळवायचे आणि रुंद भांड्यातले ते द्रावण ५०० अंशांच्या मफल भट्टीत सरकवायचे. आधी पाणी उकळून जाते, मग पाक घट्ट होऊन फसफसू लागतो, वायूंचे लोट निघतात आणि एकाएकी पांढरी प्रखर ज्योत उठते. नायट्रेट हा ऑक्सिडीकारक आणि युरिया हे इंधन असल्यामुळे बाहेर ५०० अंश असले तरी भांड्यातले तापमान क्षणभर हजार अंशांच्या बरेच वर जाते. ज्योत विझते तेव्हा तळाशी असलेल्या चार चमचे पाकाच्या जागी लाह्यांसारखा फुललेला, बोटाने दाबताच चुरगळणारा पांढराशुभ्र ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, भांड्याच्या काठापर्यंत आलेला असतो. (युरिया म्हटल्यावर विद्यार्थ्यांची नजर हमखास कृषी सेवा केंद्राकडे वळते; परंतु २०१५ पासून शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेलाच मिळतो, त्यामुळे प्रयोगासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचाच मागवावा लागतो.)

पीएच.डी.साठी मी झिंक ऑक्साइडवर काम केले होते. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हापासून प्रकाशाच्या साहाय्याने काम करणाऱ्या ऑक्साइडांवर जगभर संशोधन चालू आहे, आणि उन्हाची कमतरता विदर्भात कोणी सांगणार नाही. परंतु झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ते केवळ अतिनील किरण शोषते आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांचा असतो. ऊर्ध्वपातित पाण्यात मिथिलीन ब्लू मिसळायचा आणि त्याचा निळा रंग किती मिनिटांत जातो ते मोजायचे, या धाटणीचे शोधनिबंध तेव्हाही ढिगाने निघत होते आणि आजही निघतात. पदवीसाठी ते पुरेसे असते.

फ्लोराइडचा प्रश्न मात्र वर्गातूनच समोर आला. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आहे आणि त्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. नमुने घेण्यासाठी एका गावी गेलो असता बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या एका काकू म्हणाल्या, "मॅडम, हे पानी तं गोड हाय, याच्यात डाळबी लवकर शिजते, मंग खराब कसं?" त्यांचे निरीक्षण रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होते. कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसते. म्हणून जास्त फ्लोराइड बहुधा त्याच पाण्यात सापडते ज्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट जास्त असते, आणि अशा मृदू पाण्यात तुरीची डाळ चटकन शिजते. फ्लोराइडला स्वतःची चव नाही, रंग नाही, वास नाही. त्या काकूंना बोअरिंग बदला असे सांगणे किती अवघड आहे, हे त्या एका प्रश्नावरून कळावे.

फ्लोराइड धरून ठेवण्यासाठी ॲल्युमिना जुनाच उपाय आहे, पण दहन पद्धतीतून मिळणारा ॲल्युमिना या कामाचा नाही. तो अल्फा प्रकारचा, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या स्फटिकाचे बनतात त्याच रचनेचा असतो. घट्ट, स्थिर आणि अगदी कमी पृष्ठफळाचा. फ्लोराइडला हवा असतो गॅमा प्रकार, ज्याचे पृष्ठफळ दर ग्रॅमला २०० ते ३०० चौरस मीटर इतके भरू शकते. रासायनिक सूत्र दोघांचे एकच. बोहमाइट हे ॲल्युमिनियमचे पाणी धरलेले खनिज ५०० अंशांच्या आसपास तापवले की गॅमा मिळतो आणि ११०० अंशांच्या पुढे नेला की त्याचाच अल्फा होतो. दहनात युरिया मुद्दाम कमी घातला तर ज्योत मंदावते आणि अल्फा तयार होण्याइतके तापमान चढत नाही. नागपूरहून एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या चाचणीचा) आलेख आला की पहिली नजर ४६ आणि ६७ अंशांच्या कोनांच्या आसपास जाते. तेथे रुंद, बसके उंचवटे दिसले की काम जमले आणि टोकदार सुळके उभे असले की भांडे जास्त तापले.

येथवरचे काम कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकते. माझा आग्रह पुढच्या टप्प्यापासून सुरू होतो. सोडियम फ्लोराइड ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून अधिशोषण (पृष्ठभागावर किती फ्लोराइड चिकटते ते) मोजले की आकडे देखणे येतात, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत देखण्या आकड्यांना मान असतो. परंतु ॲल्युमिनाचा पृष्ठभाग ५ ते ६ सामूला धनभारित असतो आणि फ्लोराइडला ओढून घेतो, तर आमच्या बोअरिंगच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. तेथे तो धनभार बराचसा ओसरलेला असतो, आणि उरलेल्या जागांसाठी बायकार्बोनेट, सिलिकेट व फॉस्फेट भांडत असतात. आम्ल घालून सामू उतरवावा तर बायकार्बोनेट तो पुन्हा वर ओढते, आणि फार उतरवला तर ॲल्युमिनाच विरघळू लागतो, आणि पिण्याच्या पाण्यात तर ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम आहे. म्हणून आमच्याकडे प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या गावचे पाणी कॅनमध्ये भरून आणायचे आणि पहिले मापन त्याच पाण्यावर घ्यायचे, असा नियम आहे. आकडे निम्म्यावर येतात आणि शोधनिबंध छापून यायला उशीर होतो, याची तक्रार विद्यार्थी करतात. ती रास्तही आहे.

लँथॅनम किंवा झिर्कोनियमचे ऑक्साइड थोडे मिसळले तर फ्लोराइडची पकड वाढते, कारण फ्लोराइडला या धातूंची ओढ मोठी आहे. आम्ही ज्या इलेक्ट्रोडने फ्लोराइड मोजतो, त्याचा पडदाही लँथॅनम फ्लोराइडच्याच स्फटिकाचा असतो. पण लँथॅनम महाग पडते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत कितीतरी स्वस्त आहे, आणि गावासाठी कोणतेही नवे ऑक्साइड सुचवण्याआधी त्याची तुलना तिच्याशी झाली पाहिजे, असे मला वाटते.

ॲल्युमिनाची भुकटी गाळणीच्या नळीत भरली की पाणी खाली उतरतच नाही, त्यामुळे सध्या आम्ही तिचे ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे वळतो. गोळा टिकावा म्हणून घातलेले बंधक द्रव्य छिद्रे बुजवते आणि ते कमी केले तर गोळा पाण्यात फुटतो. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी हे प्रमाण बसवते आहे. फ्लोराइडने भरलेले गोळे पातळ कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) धुऊन, सौम्य आम्लाने सामू पूर्ववत करून पुन्हा वापरता येतात. प्रत्येक धुण्यानंतर त्यांची क्षमता किती उरते, हे मोजणे चालू आहे. धुतलेल्या कॉस्टिकमध्ये चुना टाकला की फ्लोराइड गाळ होऊन खाली बसते, पण तो गाळ गावात कोठे ठेवायचा हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. त्यासाठी सरपंचांची वेळ मागितली आहे. कापसाचा वेचा आटोपला की बसू, असे त्यांनी सांगितले आहे.