रोफी, इनस्क्रिप्ट आणि चार रात्री खाणारं पॉवर बटण

सापडलं एकदाचं. रोफी (नाव टाइप करून प्रोग्राम उघडायचा लाँचर) बंद झाल्यावर कीबोर्ड परत मराठीवर का येत नाही, ते काल रात्री पावणेदोनला सापडलं, आणि रोफीचा त्यात काडीचाही दोष नव्हता, त्यामुळे मागच्या खेपेला रोफीला जे काही बोललो ते सगळं मागे घेतो. चुका दोन्ही माझ्याच होत्या, एकीवर एक बसलेल्या.

ज्यांना आधीचं आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चोपड्याला घरी जुना लिनक्स लॅपटॉप, त्यावर स्वे (कीबोर्डवरून खिडक्या हाताळायचा विंडो मॅनेजर), लाँचर रोफी. काकांच्या केळीच्या गाड्यांचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणजे दिवसातला अर्धा वेळ मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कीबोर्ड लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ती मांडणी) चालू, अर्धा वेळ इंग्रजी, आणि ऑल्ट-शिफ्टने इकडून तिकडे उड्या. माऊसला हात लावायचा नाही हा नियम तर तुम्हाला माहितीच आहे.

पहिली अडचण मागेच सुटली होती, मराठी लेआउट असताना मॉड-डी (स्वेच्या शॉर्टकटचं बटण आणि डी, रोफी उघडायला) दाबलं की काहीच व्हायचं नाही. कारण गंमतीचं आहे, इनस्क्रिप्टमध्ये डीच्या जागी हलंत आहे, त्यामुळे स्वेला मॉड-डी दिसतच नाही, मॉड-हलंत दिसतं आणि तसलं बाइंडिंग, म्हणजे शॉर्टकट, कोणी लिहिलेलं नसतं. कॉन्फिगमध्ये शॉर्टकट नेमायच्या बाइंडसिमच्या पुढे दोन डॅश देऊन टू-कोड लिहिलं की स्वे पहिल्या लेआउटवरून कीकोड (त्या बटणाचा क्रमांक) काढून ठेवतो आणि मग लेआउट कुठलाही असो, बाइंडिंग लागतं. फक्त लेआउटच्या यादीत अमेरिकन पहिला पाहिजे, भारतीय दुसरा. आयथ्री या स्वेसारख्याच जुन्या विंडो मॅनेजरवाल्यांना हे करावं लागत नाही, तिकडे बाइंडिंग मुळातच पहिल्या लेआउटवरून लागतात आणि सगळ्या लेआउटांत चालतात, त्यामुळे तुम्ही हसा खुशाल.

तर रोफी उघडायला लागला, पण लेआउट मराठीच असायचा. फायरफॉक्ससाठी सवयीने सात बटणं दाबली की खिडकीत 'िगीािदं' उमटायचं आणि खाली यादी रिकामी. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: आधी कीबोर्डचा चालू लेआउट कुठला ते विचारायचं, लक्षात ठेवायचं, शून्यावर म्हणजे इंग्रजीवर आणायचं, रोफी दाखवायचा, तो बंद झाला की जुना लेआउट परत लावायचा. स्वेशी बोलणाऱ्या स्वेमेसेज कमांडला गेट-इनपुट्स विचारलं की प्रत्येक कीबोर्डची माहिती जेसन या मजकुरी स्वरूपात येते, त्यात चालू लेआउटचा क्रमांक असतो, जेसन वाचणाऱ्या जेक्यूने तो उचलायचा. सहा ओळींचं काम, दहा मिनिटांत झालं, मी चहा प्यायला उठलो.

आणि इथून चार रात्री गेल्या.

लेआउट परत यायचा नाही. म्हणजे कधी यायचा, कधी नाही यायचा. हिशोब लिहिता लिहिता रोफीतून कॅल्क्युलेटर उघडला, परत शीटमध्ये आलो की इंग्रजी अक्षरं. नेहमीच असं झालं असतं तर अर्ध्या तासात पकडलं असतं, पण मधूनच ते इतकं व्यवस्थित चालायचं की मला वाटायचं झालं ठीक, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बसलो की परत तेच.

पहिला संशय रोफीवर. वेलँडचा (स्वे ज्यावर चालतो त्या स्क्रीनच्या नव्या यंत्रणेचा) सपोर्ट मूळ रोफीत २.० पासून आला, त्याआधी वेगळा फोर्क, म्हणजे दुसऱ्यांनी बदललेली आवृत्ती, वापरायचो, तर मला वाटलं नव्याचं काहीतरी कच्चं असेल. कीबोर्डचा फोकस सोडताना हाच लेआउट बदलून जातो असं मी स्वतःला पटवलं. पुरावा काहीच नाही, नुसता राग. रोफी बंद झाल्यावर अर्धा सेकंद थांबायला लावलं, मग एक सेकंद, मग दोन. स्लीप टाकून बग सुटतो असं ज्याला वाटतं त्याने समजावं की आता झोपायची वेळ झालीय.

मग दोन दिवस फझेल हा दुसरा लाँचर वापरून बघितला. फझेलबद्दल माझं मत चांगलं आहे, हलका आहे, झटकन उघडतो, कॉन्फिग साधी आयएनआय फाइल, रोफीच्या रासी या थीम फाइलीसारखं सीएसएस शिकायला लावत नाही. पण मला उघड्या खिडक्यांची यादी लाँचरमध्येच लागते आणि फझेलमध्ये ती आयती मिळत नाही, स्क्रिप्टने जोडावी लागते. असो. मुद्दा हा की फझेलमध्येही लेआउट तसाच हरवला. खरं तर तिथेच डोक्यात दिवा लागायला हवा होता, लाँचर बदलूनही दुखणं तेच म्हणजे दुखणं लाँचरचं नाही. पण मी काय केलं, दोन्ही लाँचरना शिव्या घातल्या. धुळ्याच्या मित्राला फोनवर सांगत होतो तर तो म्हणे, "काय करी ऱ्हायना भो तू, माऊस का बरं नही वापरत?" फोन ठेवला.

काल संध्याकाळी लाईट गेली. मे महिना, बाहेर रात्री नऊलासुद्धा भिंती गरम, कूलर बंद, म्हणून लॅपटॉप उचलला आणि गच्चीवर सतरंजी टाकून बसलो. बॅटरी होती म्हणून परत त्याच स्क्रिप्टशी खेळत बसलो आणि बघतो तर काय, लेआउट दरवेळी परत येतोय. वीस वेळा केलं, वीसही वेळा आला. कळणाची भाकरी आणि ठेचा वर आला, एका हाताने जेवत परत दहा वेळा केलं, तरी आला. साडेअकराला लाईट आली, खाली टेबलावर गेलो, पहिल्याच फटक्यात गेला.

टेबलावर असं काय आहे जे गच्चीवर नाही? बाहेरचा कीबोर्ड.

आता नीट बघा, कारण बाहेरचा कीबोर्ड वापरणाऱ्या कोणालाही हे चावू शकतं. गेट-इनपुट्सच्या यादीत कीबोर्ड म्हणून फक्त कीबोर्ड येत नाहीत. पॉवर बटण येतं, स्लीप बटण येतं, व्हिडिओ बस नावाचं काहीतरी येतं, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) दृष्टीने बटण आहे म्हणजे कीबोर्ड. माझी जेक्यूची ओळ काय करत होती, तर यादीतला पहिला कीबोर्ड घे आणि त्याचा लेआउट सांग. माझ्या मशीनवर पहिला कीबोर्ड म्हणजे पॉवर बटण! चार रात्री मी पॉवर बटणाला विचारत होतो की बाबा रे, तू सध्या मराठीत आहेस की इंग्रजीत.

पण मग गच्चीवर कसं चाललं? स्वे ज्या कीबोर्डांची मांडणी तंतोतंत सारखी असते त्यांचा एक गट करतो आणि गटातल्या एकाचा लेआउट बदलला की सगळ्यांचा बदलतो. लॅपटॉपचा कीबोर्ड आणि पॉवर बटण एकाच गटात, त्यामुळे लॅपटॉपवर ऑल्ट-शिफ्ट केलं की पॉवर बटणही मराठी बोलायला लागायचं, आणि माझी चुकीची ओळ बरोबर उत्तर द्यायची. बाहेरच्या कीबोर्डला मात्र मी मागच्या महिन्यात विम एडिटरसाठी कॅप्स लॉकचं एस्केप करून ठेवलं होतं, फक्त त्याच्याच आयडीच्या ब्लॉकमध्ये. एवढ्या एका ऑप्शनने त्याची मांडणी वेगळी झाली, तो गटाबाहेर पडला. टेबलावर मी मराठीत, पॉवर बटण इंग्रजीत, आणि रोफी बंद झाला की स्क्रिप्ट इमानेइतबारे पॉवर बटणाचा लेआउट सगळ्यांना लावणार.

ओळ बदलली. आता प्रत्येक कीबोर्डचा आयडी आणि त्याचा क्रमांक अशी जोडी साठवतो आणि परत लावताना ज्याचा त्याला. पंधरा वेळा बरोबर. सोळाव्या वेळी परत गेला. खरं सांगतो, हातातला चहाचा कप टेबलावर आपटायचाच बाकी होता.

हा दुसरा बग. सोळाव्या वेळी मी काही न निवडता एस्केप दाबलं होतं. स्क्रिप्टच्या वर शहाणपणा म्हणून सेट डॅश ई लिहिलेलं, म्हणजे कुठलीही कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल. रोफीत एस्केप दाबलं की तो एक हा एक्झिट कोड देतो, शेलच्या मते फसला, स्क्रिप्ट मेली, लेआउट परत लावायची ओळ आलीच नाही. लेआउट परत लावायचं काम ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट संपताना हमखास चालणाऱ्या ओळीत) एक्झिटवर टाकलं, आता स्क्रिप्ट कशीही मरो, जाताना लेआउट लावूनच जाते. पावणेदोन. पुढे पंधरा मिनिटं मी नुसतं मॉड-डी, एस्केप, मॉड-डी, एस्केप करत बसलो आणि वरच्या बारमधलं मराठी-इंग्रजी बदलताना बघत होतो. इतकं सुख बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

आता खरी गंमत. हे सगळं आज तुम्हाला लिहिताना मी परत एकदा मराठीतच एमपीव्ही टाइप करून बघितलं, उदाहरण द्यायला. इनस्क्रिप्टमध्ये एमच्या जागी स, पीच्या जागी ज, व्हीच्या जागी न. 'सजन'. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचं नाव सजन! विम केलं तर 'नगस', कॅल्क म्हटलं तर 'मोतम', एचटॉपचा 'पूदज'.

आणि मग वाटलं, मी हे लेआउट बदलायचं नाटक करतोच कशाला? रोफीचा डीरन मोड, म्हणजे प्रोग्रामांची यादी, डेस्कटॉप फाइलमधले (प्रत्येक प्रोग्रामचं नाव आणि कमांड असलेली छोटी फाइल) कीवर्डही शोधतो. एमपीव्हीच्या फाइलची कॉपी लोकल शेअर ॲप्लिकेशन्समध्ये टाकली, कीवर्डच्या ओळीत सजन आणि अर्धविराम. काहीच दिसेना. पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर आठवलं, वेगासाठी मीच डेस्कटॉप कॅशे चालू करून ठेवलेला, जुनीच यादी दाखवतोय. कॅशे रीलोड केला आणि आला, मराठी लेआउटमध्ये, सजन टाइप करून, एमपीव्ही. लेआउट बदलणं नाही, परत लावणं नाही, पॉवर बटणाची परवानगी नाही.

म्हणजे चार रात्रींची स्क्रिप्ट आता बहुतेक फेकायची. दुखतंय थोडं, पण जिथे काही लक्षात ठेवायचंच नाही तिथे विसरायचं तरी काय.

सगळ्या प्रोग्रामांसाठी हे हाताने कोण करणार, म्हणून नावाचं इनस्क्रिप्टात रूपांतर करणारी ओळ लिहायला घेतली. अक्षरं बदलणाऱ्या टीआर कमांडने करू नका, ग्नूचा टीआर बाइट मोजतो, देवनागरीचा पार भुगा करतो. सेड या दुसऱ्या साधनाची वाय कमांड यूटीएफ-८ लोकॅलमध्ये व्यवस्थित चालते. एक तोटा आहे, कॉपी केलेली फाइल मूळ फाइलला झाकते, त्यामुळे पॅकेज अपडेट होऊन आतली एक्झेक ओळ (प्रोग्राम चालवायची कमांड) बदलली तरी आपल्याकडे जुनीच राहणार. म्हणून सगळ्या नाही, रोज लागणाऱ्या दहा-बारांच्याच कॉपी करायच्या असं ठरवलंय. किंवा, हे आत्ताच सुचतंय, रोफीचा स्क्रिप्ट मोड घेऊन यादी मीच बनवून दिली तर कॉपीची भानगडच नको, नाव आणि शेजारी त्याचं इनस्क्रिप्ट रूप, शोध दोन्हीत. बघतो.

फाँट आता मुक्ता १३ ठेवलाय. मात्रा कापल्या जात नाहीत आणि लॅटिन अक्षरंही त्याच घरातली असल्याने दोन्ही शेजारी बरी दिसतात. आणि कीबोर्डवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर ऑनलाइन मागवले होते ते कोणी घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हात डिंक पातळ झाला आणि परवा हलंत बोटाला चिकटून आला. सगळे सोलून टाकले, तसंही आता बोटांना पाठ आहे.

दहापैकी चार फाइली झाल्यात. फायरफॉक्सचा कीवर्ड वेलांटीपासून सुरू होतो त्यामुळे रोफीत ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, पण सापडतो. लिबर ऑफिसचं आज रात्री, लाईट राहिली तर.