वाचनालयाची छोटी वेबसाइट कुठे ठेवावी: माझा अनुभव

आमच्या वाचनालयाची वेबसाइट म्हणजे तीसेक पानं, कार्यक्रमांचे फोटो आणि जुन्या वार्षिक अहवालांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. लॉगिन नाही, डेटाबेस नाही. ती कुठे ठेवायची हे ठरवताना दरांच्या तक्त्याआधी मी एक प्रश्न समोर ठेवला: पुढच्या कार्यकारिणीत संगणकातलं जाणणारं कुणी नसलं, तरी साइट चालू राहील का?

व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेऊन आपणच सांभाळायचा सर्व्हर, इथेच बाद झाला. भाडं परवडतं, पण एन्जिनएक्स हा पानं पुरवणारा प्रोग्राम, लिनक्सचे सुरक्षा अपडेट आणि फायरवॉल हे सगळं आपल्याच गळ्यात येतं. सुरक्षित जोडणीसाठी (एचटीटीपीएस) लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो खरा, पण तो बंद पडला तर ब्राउझर ‘कनेक्शन खाजगी नाही’ असं सांगू लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. नुसती पानं दाखवायला एवढा पसारा नको.

अॅमेझॉनच्या एस-थ्रीवर, म्हणजे फाइली साठवायच्या सेवेवर, मी सगळ्यात जास्त विचार केला. मुंबईत रीजन (डेटा सेंटरांचा समूह) आहे, विश्वास ठेवावा अशी सेवा आहे आणि एवढ्याशा साइटचा खर्च नगण्य. अडचण जोडणीत आहे. एस-थ्री साइटला जो पत्ता देतं (वेबसाइट एंडपॉइंट) त्यावर एचटीटीपीएस मिळत नाही, म्हणून पुढे क्लाउडफ्रंट ही पानं पोचवणारी अॅमेझॉनचीच सेवा लावावी लागते. बकेट, म्हणजे एस-थ्रीमधला आपल्या फाइलींचा साठा, मुंबईत असली तरी क्लाउडफ्रंटसाठी अॅमेझॉनकडून घेतलेलं प्रमाणपत्र उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्येच असावं लागतं. दुसरीकडे काढलं तर ते यादीत दिसतच नाही. बकेट खाजगी ठेवून क्लाउडफ्रंटला जोडली, तर मुखपृष्ठ उघडतं, पण ‘/अहवाल/’ सारख्या उपफोल्डरचा पत्ता ‘अॅक्सेस डिनाइड’ देतो. कारण ‘डीफॉल्ट रूट ऑब्जेक्ट’, म्हणजे फाइलचं नाव न देता उघडणारं पान, फक्त मुळाशी लागू होतो. बाकी पत्त्यांच्या शेवटी ‘इंडेक्स.एचटीएमएल’ जोडायला छोटं क्लाउडफ्रंट फंक्शन लिहावं लागतं. शिवाय कॅशची, म्हणजे क्लाउडफ्रंटने साठवलेल्या प्रतीची, मुदत मुद्दाम ठरवली नाही, तर बदललेलं पान २४ तासांपर्यंत जुनंच दिसू शकतं. हे सगळं जमणारं आहे. पण वापराप्रमाणे बिल येणाऱ्या खात्यात बजेट अलर्ट फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही, आणि कार्ड कुणाचं द्यायचं हा प्रश्न संस्थेत दरवर्षी नव्याने उभा राहतो.

फुकट सेवांच्या अटी शब्दन् शब्द वाचाव्यात. व्हर्सेल या होस्टिंग सेवेचा फुकट हॉबी प्लॅन वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे, म्हणून संस्थेसाठी मी तो धरला नाही. क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच सेवेत डेटा वापराला मर्यादा नाही, ही मोठी सोय. पण एक फाइल २५ एमबीच्या आत हवी, आणि ‘www’ नसलेलं मूळ डोमेन जोडायचं तर नेमसर्व्हरच (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) तिकडे न्यावे लागतात. ज्यांचा ईमेल त्याच डोमेनवर आहे त्यांनी इथे थांबून जुन्या सगळ्या नोंदी लिहून घ्याव्यात. ईमेलसाठी लागणारी एमएक्स, एसपीएफ किंवा डीकेआयएमची एखादी नोंद मागे राहिली, तर साइट छान दिसते आणि पत्रं मात्र परत जातात किंवा स्पॅममध्ये पडतात.

शेवटी गिटहब पेजेस निवडलं, म्हणजे गिटहबवर ठेवलेल्या फाइलींची साइट दाखवणारी सेवा. साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला साधारण १०० जीबी डेटा, एवढं वाचनालयाला भरपूर आहे. फुकट खात्यात रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास ठेवणारी जागा) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणून सभासदांची यादी चुकूनही त्यात जाता कामा नये. फाइल नंतर काढली तरी इतिहासात उरते. ब्राउझरमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही आणि गिट या प्रोग्रामने १०० एमबीच्या वर नाही. स्कॅन घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामच्या ‘ईबुक’ सेटिंगने, म्हणजे १५० डीपीआयवर, लहान करून घेतले. छापील मराठी मजकूर त्यात नीट वाचता येतो. फिकट टाइप असेल तर जोडाक्षरं एकदा मोठी करून तपासावीत.

डोमेन जोडताना क्रम पाळावा. आधी गिटहबच्या खात्यात टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीने डोमेन आपलं असल्याची पडताळणी, म्हणजे साइट काही काळ बंद राहिली तरी दुसरा कुणी ते आपल्या खात्याला जोडू शकत नाही. मग पेजेसच्या सेटिंगमध्ये डोमेनचं नाव. त्यानंतर मूळ डोमेनला चार ए नोंदी (सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या), १८५.१९९.१०८.१५३ पासून तिसरा आकडा एकेकाने वाढवत १८५.१९९.१११.१५३ पर्यंत, आणि ‘www’ साठी खात्याच्या गिटहब पत्त्याकडे जाणारी सीनेम नोंद. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, विकताना ठेवलेली पार्किंगची (तात्पुरत्या पानाची) ए नोंद काढून टाकावी. ती राहिली तर साइट कधी उघडते, कधी जाहिरातीचं पान दिसतं, आणि प्रमाणपत्रही अडकतं. ‘एन्फोर्स एचटीटीपीएस’ ची चौकट लगेच टिक करता येत नाही. २४ तास लागू शकतात. तेवढ्यात नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नयेत.

फोटो दिसत नसतील तर बहुतेक वेळा कारण नावात असतं. विंडोजला ‘जेपीजी’ हे मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांत सारखंच, इथे त्या दोन वेगळ्या फाइल. नावं देवनागरीत ठेवायचा मोह होतो, पण पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाचे नऊ वर्ण होतात आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक ओळभर लांब होते. त्याहून अवघड गोष्ट ‘ऱ’ ची: तो एकाच कोडने साठवता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता असा दोन कोडनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्व्हरला निराळे, आणि ‘दुसऱ्या’ नावाची फाइल समोर असूनही ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो. मजकूर मराठीत, फाइलींची नावं लहान रोमन अक्षरांत आणि मध्ये जोडरेघ, हेच बरं.

डोमेनची नोंदणी मी होस्टिंगपासून वेगळी, रजिस्ट्रारकडेच ठेवली. उद्या जागा बदलायची तर फोल्डर उचलून नव्या ठिकाणी ठेवायचा आणि चार-पाच नोंदी बदलायच्या. आदल्या दिवशी टीटीएल (नोंदीची प्रत किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणला की बदल लवकर पोचतो. रजिस्ट्रारच्या खात्याला दिलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा, कारण मुदत संपून डोमेन बंद पडलं तर नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक, दोन्ही त्याच बंद पेटीत जातात.