ड्रॉइंगचे सर आणि बेंद्रे

आमच्या वेळी जळगाव-धुळ्याकडे चित्रकार म्हणजे पेंटर, ट्रकच्या मागे नंबर टाकणारा नाहीतर दुकानाची पाटी रंगवणारा. चित्रं काढून माणसाला पद्मश्री मिळते हे मला आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडून कळलं. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा (आताही जात असेल!), पण उरलेल्या तासांत सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी कमी आणि चित्रकार ना. श्री. बेंद्रेंच्या गोष्टी जास्त सांगायचे.

बेंद्रे इंदूरचे, जन्म १९१०. तिथे देवळालीकर मास्तरांकडे शिकले, चित्रकार एम. एफ. हुसेनही देवळालीकरांचेच विद्यार्थी. १९५० ला बडोद्याच्या विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं आणि बेंद्रे तिथे पेंटिंग शिकवायला गेले, पुढे डीन झाले, १९६६ ला सोडलं. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख हे नावाजलेले चित्रकार तिथलीच पोरं, पण एकाचं चित्र दुसऱ्यासारखं नाही आणि बेंद्रेंसारखं तर नाहीच, सरांना याचंच फार कौतुक. बेंद्रे स्वतः पण एका जागी थांबले नाहीत, आधी लँडस्केप, मग क्युबिझम (वस्तू कोनाकोनांत तोडून काढायच्या), अ‍ॅबस्ट्रॅक्ट (ओळखीची वस्तूच नाही, नुसते रंग-आकार), आणि उतारवयात ठिपक्यांची चित्रं.

ते ठिपके समजावायला सरांनी एकदा ड्रॉइंग शीटवर नुसते लाल आणि पिवळे बारीक ठिपके काढले, रंग अजिबात मिसळले नाहीत, शीट फळ्याला टाचली आणि आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला पिटाळलं. तिथून बघतो तर चक्क नारिंगी! जवळ आलो की परत लाल न् पिवळं. आमचं असं मागे-पुढे पळणं चाललेलं आणि शिपाई मामा विचारताहेत, काय करी ऱ्हायना रे पोरेहो?

दुसऱ्याचं बघून काढलं की मात्र सर शीट परत द्यायचे, मार्क नाही, बोलणं नाही, ते जास्त लागायचं.

मी काही चित्रकार झालो नाही, आपल्याकडच्या निम्म्या पोरांसारखी भुसावळ-सुरत गाडी पकडली आणि सुरतेत साड्यांच्या डिझाइनमध्ये शिरलो. रंग कम्प्युटरवर जुळवतो पण फायनल करण्याआधी कापड लांब टांगून बघतो, कारागीर हसतात, हसू देत.

बेंद्रेंची चित्रं नंतर प्रत्यक्ष पाहिली. खरं सांगू, मला त्यांची जुनी लँडस्केप जास्त आवडली. सरांनी हे ऐकून घेतलं नसतं, ते पक्के ठिपकेवाले.