डिफॉगरच्या बटणाला नवी नोकरी: कामाची तिसरी नोंद

जळगावात मागच्या काचेचा डिफॉगर, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणारी सोय, किती वेळा लागतो? मला तर एकदाही लागलेला आठवत नाही. त्यात माझी मागची काच दगड लागून फुटली आणि बदलून आली ती तापणाऱ्या रेषा नसलेली. म्हणजे डॅशबोर्डवरचं ते बटण आयतंच रिकामं होतं. दाबलं की परत वर येणारं, आत स्वतःचा छोटा दिवा असलेलं. गाडीचे आकडे टिपून ठेवणारा लॉगर मी बनवतोय, त्याला याहून चांगलं काय हवं!

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी २०१३ची डिझेल हॅचबॅक. चाळीसगावहून कन्नडचा घाट भर उन्हात चढताना मध्येच दम टाकते. चार-पाच सेकंद ओढच जाते, मग आपोआप परत येते. चेक इंजिनचा दिवा नाही, बिघाडाचा कोड नाही. मिस्त्री शेजारी बसला की शहाण्या बाळासारखी पळते. गाडीचे आकडे दाखवणारं मोबाइलचं ॲप लावून झालं, पण ब्लूटूथ नेमकं घाटात तुटतं आणि वळणावर स्क्रीन चाचपत बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

लॉगर म्हणजे ईएसपी३२ (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), गाडीच्या तारांशी बोलणारा एसएन६५एचव्हीडी२३० ट्रान्सीव्हर आणि एसडी कार्डाचं मोड्यूल. ओबीडी सॉकेटच्या (गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी, वेग ५०० केबीपीएस. मागच्या नोंदीत संवाद मधूनच तुटत होता, त्याचं कारण सापडलं. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत, माझ्याकडे ४० येत होते. गाडीत १२०चे दोन रेझिस्टर आधीच असतात, आणि ट्रान्सीव्हरच्या बोर्डावर तिसरा बसवलेला निघाला. '१२१' लिहिलेला तो तिळाएवढा तुकडा सोल्डरिंगने उचलला आणि आकडा ६०वर आला. तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

आता बटण. इथे मी माती खाल्ली, ती सविस्तर सांगतो.

आधी डिफॉगरचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढून ठेवला, म्हणजे जुन्या सर्किटला काही जायला नको. बटणाच्या मागचा कनेक्टर तसाच ठेवून तारांवर तारा जोडायच्या ठरवल्या. अर्थिंगची तार शोधायला मल्टीमीटर बीपवर लावला, एक टोक बॉडीला, दुसरं एकेका पिनेला. एक पिन वाजली. झालं, ही अर्थिंग! दुपारभर सगळं झकास चाललं. संध्याकाळी पार्किंग लाइट लावून बटण दाबलं आणि ईएसपी३२ने राम म्हटला.

ती तार अर्थिंगची नव्हतीच. रात्री बटणावरचं चित्र उजळवणारी, पार्किंग लाइटची तार होती. लाइट बंद असताना त्या सगळ्या बल्बांच्या थंड फिलामेंटमधून ती बॉडीला जोडलेलीच असते, म्हणून मीटर वाजला. लाइट लावले की तीवर १२ व्होल्ट, आणि बटणाने ते थेट ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टच्या पिनेला पोचवले. नंतर ओहमवर मोजलं: त्या तारेवर दोनच्या वर, खऱ्या अर्थिंगवर ०.३. मीटरचा बीप म्हणजे गावातली बातमी. धूर कुठेतरी असतो, पण आग कुठे ते स्वतः जाऊन पाहावं लागतं.

मग कनेक्टर काढून बाजूला गुंडाळला आणि बटणाला स्वतंत्र तारा दिल्या. एक अर्थिंग, एक इनपुट, त्यावर १० किलोओहमचा पुल-अप (बटण सुटं असताना इनपुट वर धरणारा रेझिस्टर) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, कोडमध्ये ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, म्हणजे एक दाब दोनदा मोजला जाऊ नये. बटणाचा दिवा १२ व्होल्टचा, तो बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून चालवला. वीज चावीनंतर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज. साधी काळी टेप मात्र वापरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिचा डिंक पातळ होऊन ती घसरते. कापडी टेप घ्या.

आप्पांनी येऊन पाहिलं. "हाई बटन कसाले शे?" म्हटलं, काच पुसाले. पटलं नाही त्यांना, पण घाटात शेजारी बसायला तयार झाले.

पहिल्या फेरीत आणखी एक गोष्ट उमगली. गाडीने दम टाकला, मी "अरे!" म्हणून बटण दाबलं, तोवर गाडी सावरली होती. फाइलमध्ये नुसती सावरलेली गाडी. बटणाला मागचंही आठवायला हवं. म्हणून आता लॉगर सतत वाचतो, सेकंदाला १० ओळी, आणि शेवटची ३० सेकंदं मेमरीत फिरती ठेवतो. १६ बाइटची एक ओळ धरली तरी पाच हजार बाइटच्या आतच बसतं. बटण दाबलं की ती ३० सेकंदं आणि पुढची ६० कार्डावर जातात. लिहिणं चालू आहे तोवर बटणाचा दिवा पेटलेला. चावी मध्येच बंद झाली तर फाइल बिघडू नये म्हणून दर सेकंदाला फ्लश, म्हणजे तोवरचं सगळं कार्डावर पक्कं.

परवा दुपारी दोनला, एसी चालू ठेवून, घाटात तिसऱ्या गियरमध्ये गाडी दम टाकताना अखेर सापडली. बटण आप्पांनीच दाबलं. पेडल जागच्या जागी, आरपीएम २२००च्या आसपास, आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) दाब १९०वरून एका सेकंदात १२८ किलोपास्कल. आत जाणारी हवा ६१ अंश, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) मात्र ९५वर शांत. म्हणजे खोट हवेच्या वाटेत होती; डिझेलला नि सेन्सरला दिलेल्या शिव्या मी परत घेतल्या.

छापील आलेख घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने आकड्यांकडे पाहिलंही नाही, पण 'दाब' ऐकल्यावर इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, रबरी पाइप खालून दाबून पाहिला. क्लिपेखाली तेलाने मऊ पडलेला, नखाएवढी चीर, दाबली की तोंड उघडणारी. नवा पाइप धुळ्याहून मागवलाय. तो बसला की त्याच घाटात, दुपारी दोनलाच, एसी लावून. आप्पांनी बटणावरचा हक्क आधीच सांगून ठेवलाय.